काचेच्या दुकानात गौरीची गाणी नाय

२ ऑगस्ट ९८, रवि.
विलास रोह्याहून उशिरा आला. पेणचं स्वतःचं कॅसेटचं दुकान बंद करून मुंबईवाल्यांच्या रोह्यातल्या काचेच्या कॅसेट-दुकानात नोकरी धरली लेकानं. वर्ष झालं. पगार पक्का म्हणे, थंड हवा म्हणे. पडसं तेवढं कायमचं झालं.

६ ऑगस्ट
गणपती तोंडावर, आणि मुंबईच्या हापिसातनं खोके आले ते सगळे दांडियाच्या कॅसेटचे. साहेब सांगतो, सगळ्या शाखांना एकच माल. आता रोह्यात गौरीपुढं टिपऱ्या खेळा.

९ ऑ., रवि.
डोळे दाखवायला रोह्याला गेले, म्हणून त्या दुकानात टेकले. वरसे गावच्या बाया आल्या. गौरीच्या नाचाची कॅसेट पायजे, विलासनं त्यांच्याच अंगणात बसून भरलेली. दर साल नाचून नाचून जुनी खरखरते, नवी नेतात. त्यातली पारूबाई तर गाऊनच दाखवायला लागली. साहेब मागं उभा. कंपनीच्या लेबलाबिगर कॅसेट ठेवायची नाय, असा नियम.
विलास म्हणाला, "असली कॅसेट नाय आमच्याकडं. कोणी भरली ठाव नाय."
पारूबाई म्हणाली, "अरे, गाणी भरताना माझ्याच ओटीवर च्या प्यायलास की."
तो बिलाच्या मशिनकडं बघत राह्यला. मी उठले. बाहेर बायांना म्हटलं, माझाच लेक हाय तो.

१३ ऑ.
खप नाय म्हणून काचेचं दुकान बंद होतंय. पनवेल, अलिबागचंही. विलासला सुरतेच्या शाखेत जा म्हणतात. सून रडली. मी म्हटलं, तिकडंही खोके मुंबईचेच येणार, ती शाखा किती दिवस टिकेल? पेणचा गाळा रिकामाच हाय, उघड.
म्हणाला, "आई, आता कोण येणार माझ्याकडं?"


१६ ऑ., रवि.
पारूबाई घर शोधत आली. रागात. "तुझ्या लेकाला आमची गाणी नको झाली काय गो?" विलास आतल्या खोलीत, बाहेर येईना. तिनं दारातनंच सांगितलं, मंगळवारी अंगणात बाया जमतील, जुनी कॅसेट पार गेली, टेपचं मशिन घेऊन येतोस तर ये, नायतर आम्ही दुसरा बघतो. च्या घेतला नाय.

१७ सोम.
सुरतेला उद्या हो-नाय कळवायचंय. विलासनं सकाळी माळ्यावरनं रेकॉर्डिंगचं मशिन काढलं, पुसलं, माईक माझ्यापुढं धरला. "बोल कायतरी, चालतंय का बघतो."
म्हटलं, "पारूबाईला काय तोंड दाखवशील?"
टेप मागं घेतली. माझा प्रश्न दोनदा ऐकला. सून विचारत होती, सुरतेला न्यायचे कपडे भरू का? त्यानं टेप पुन्हा मागं घेतली, तिसऱ्यांदा लावली.