हाक ओळखा, बाबा

प्रिय बाबा,

काल तुम्हाला फोन करून "बाबा, माझ्या घशाचं ऑपरेशन आहे, शांघायला या," म्हणणारी बाई मीच होते. तुम्ही ओरडलात, "कोण गं तू भवाने? माझी पोरगी असलं बोलत नाही. दुसरं गिऱ्हाईक बघ!" आणि रिसीव्हर जो काढून ठेवलात तो अजून तसाच आहे. शेजारच्या शू काकूंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, पोलिसांत देईन. तुमचं चुकलं नाही. लेकरांच्या नावानं कुणी ऑपरेशन सांगून रडलं की फोन ठेवा, असं गल्लीच्या समितीनंच भिंतीवर लावलंय. पण मला फार भीती वाटतेय, बाबा.

आवाज बसलाय, हे खरं. पण नुसत्या घोगऱ्या आवाजानं तुम्ही फसला नसतात. इथं नोकरीला आले तेव्हा मी आपल्या बेजिंगकरांसारखीच जीभ वळवून बोलायचे. पहिल्याच मीटिंगमध्ये बाजूची लिन पेइवेन म्हणाली, "अगं, बेजिंगच्या टॅक्सीवाल्यासारखं काय बोलतेस, इथं करार करायचाय!" सगळे हसले, मीही हसले. मग हळूहळू इथल्यासारखं एकेक अक्षर सुटं, गुळगुळीत बोलायला लागले. परदेशी साहेबांसमोर ऑफिसवाले मलाच पुढे करू लागले. नव्या वर्षाच्या वसंतोत्सवाला घरी आले तर तुम्ही म्हणालात, "या बातम्यावाल्या बाई, शेवयांवर सोयाची चटणी चालेल ना आपल्याला?" तुम्ही टोमणा मारलात आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं होतं.

काल तुम्ही फोन तोडल्यावर दवाखान्याच्या बाथरूममध्ये दार लावून आपल्या गल्लीतलं बोलून बघितलं. कबुतरं उतरवताना तुम्ही घालता त्या शिव्यासुद्धा घातल्या. जमेना. बेजिंगकरांची टिंगल करणारा एखादा नकलाकार बोलतो ना, तसं वाटलं.

स्वरतंतूवर गाठ आहे. काढावीच लागेल. ती कसली आहे आणि मागे आवाज किती उरेल, हे नंतरच कळणार म्हणतात. घरच्या माणसाच्या सहीशिवाय डॉक्टर हात लावत नाहीत, आणि आई गेल्यापासून माझं घरचं माणूस म्हणजे तुम्ही एकटे. ही ठग बाई नाही, याची खूण हवी ना? कबुतराच्या शेपटीला बांधायची भोपळ्याची शिट्टी कोरताना माझा अंगठा कापला होता. आईला कळू नये म्हणून तुम्ही त्यावर तंबाखू दाबलात. हे आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक आहे? हे पत्राचं कुरियर मिळताच गाडीत बसा. मी स्टेशनवर उभी असेन आणि लहानपणी गच्चीखालून मारायची तशी तुम्हाला हाक मारीन. खोटी वाटेल, घोगरी येईल, हसलात तरी चालेल. पण ऑपरेशनच्या आधी एकदा ती ऐका, आणि तेवढ्याच मोठ्यानं ओ द्या.

तुमचीच,
न्यूर