दरडीचा फोटो

गुरुवार, २४ जुलै, संध्याकाळचे सात. चुलीपाशी पँट वाळवत बसलो आहे.

सकाळी महाडच्या ऑफिसच्या ग्रुपवर सूचना आली. रेड अलर्ट आहे, आंबेनळीच्या घाटातून कोणी प्रवास करू नये, घरीच थांबावे. खाली आणखी एक ओळ होती: कंत्राटी कर्मचाऱ्यांनी रस्ता बंद असल्याचा फोटो पाठवावा, नाहीतर गैरहजेरी लागेल. माझ्या दोन झाल्या आहेत. तिसरीला ठेकेदार दुसरा माणूस घेतो.

म्हणजे घाटात गेलो नाही हे दाखवायला घाटातच जायचे? गेलो. वळणावर माती अजून घसरत होती. म्हशी परत आणणारे तुकाकाका ओरडले, "मागं हो रे! दरडीला हार घालाया आलास काय?"

फोटो काढला आणि तसाच भिजत टेकाडावर गेलो, फोटो जाईल इतकी रेंज तिथेच येते. पाठवला. ऑफिसच्या साहेबांचे उत्तर आले, "नुसतं धुकं आहे. रस्ता कुठे दिसतोय?"

खरेच, धुकेच होते. "रस्ता राहिलाच नाही, सर," असे लिहिले, पुसले आणि "सॉरी सर" पाठवले. त्यावर उत्तर नाही. तिसरी लागली की नाही, कोणाला विचारू?

उतरण्याआधी उद्याची सूचनाही आली. तीच आहे, खालच्या ओळीसकट. फोटो उद्याचाच हवा.

पँट अजून ओलीच आहे.