रात्रीचा भात

अंबरपेठ, हैदराबाद
गुरुवार

प्रिय रितेश,

आशीर्वाद शेवटी देते. आधी तुला रागवायचं आहे, आणि दोन्ही एकत्र केलं की तू आशीर्वाद तेवढे वेचून घेतोस. बस खाली. मोबाइल बाजूला ठेव. इंग्लिश मीडियमात घातल्यामुळे तुला मराठी एकेक अक्षर लावत वाचावं लागतं, याचं मला आजवर वाईट वाटायचं. आज बरं वाटतंय. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, ‘हौ आई, समजलं आई’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाला असं मधेच ठेवता येत नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

तू मागच्या आठवड्यात म्हणालास की मारिसेलशी मी बोललोय, आता तूही सांग तिला राजीनामा द्यायला, तुझं ऐकेल ती. दुबईच्या हॉस्पिटलनं तिची जागा बिनपगारी रजेवर धरून ठेवलीय. महिनाअखेरीला हजर व्हा, नाहीतर सोडा, असं त्यांनी कळवलंय. आणि तुझं म्हणणं, सोडू दे. बाबा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेत, आई एकटी, घरात नर्स झालेली सून असताना बाहेरची बाई कशाला? खोटं कशाला बोलू, तू हे म्हणालास तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, देव पावला.

कारण मी थकले आहे रे. तू विचारतोस, आई बरी आहेस ना, आणि मी म्हणते बरी आहे, आणि तू ते खरं धरतोस. बाबांना कुशीवर वळवलं की कंबरेतून कळ निघते ती टाचेपर्यंत जाते. त्यांची चादर बदलली की माझं अंग असं गळून जातं की केस विंचरायला हात वर होत नाही. कधी वाटतं, तेही सुटावेत आणि मीही. मग त्यांच्या तोंडाकडे बघते आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. चाळीस-बेचाळीस वर्षांचा संसार आहे, असं मनात येऊ नये. येतं मात्र.

तर मारिसेल. तू तिला इथं सोडलंस ‘एक महिना’ म्हणून. पहिल्या दिवशी तिनं बॅग उघडली आणि मी बघतच राहिले. कपड्यांच्या घड्यांत लहान लेकरू गुंडाळावं तसा राईस कुकर! मी मनात म्हटलं, घ्या, सून भात शिजवायचं भांडं घेऊन आली, म्हणजे आमच्या घरात भात शिजत नाही की काय. शेजारची वेंकटम्मा तर दोन दिवसांत गल्लीभर ‘सुशीलाबाईंची चैना कोडलू’ म्हणून सांगून आली. मी तिला बजावलं, चैना नाही, फिलिपीन्स, आणि कोडलू म्हणजे सूनच ना, मग तेवढंच म्हण. पण खरं सांगते, तेव्हा मलाही फरक माहीत नव्हता.

मग तुझी खोकी यायला लागली. एअर फ्रायर. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर. तो उभा मिक्सर. आईला आराम मिळावा म्हणून! अरे बाबा, एअर फ्रायर आणि गीझर एका वेळी लावला की अख्ख्या घराची वीज जाते, ते बटण वर करायला मला स्टुलावर चढावं लागतं. त्यातून सगळी बटणं इंग्रजीत. मी हात लावायची नाही. मारिसेलनं काय केलं माहितेय? माझ्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि बटणांवर टिकल्या चिकटवल्या. लाल म्हणजे पेज. हिरवी म्हणजे मटण. मोठी मरून टिकली म्हणजे बंद. आता आपला प्रेशर कुकर हळदीकुंकवाला निघाल्यासारखा दिसतो, पण मी एकटी तो चालवते. फ्रायरमध्ये ती मासा ठेवायची, वरून थोडं तेलाचं बोट फिरवून, आणि सालीचा असा कुरकुरीत आवाज यायचा की मीही एक तुकडा उचलायची.

तिचं तिनोला म्हणजे आपल्याकडचा कोंबडीचा पातळ रस्साच की, फक्त मसाल्याशिवाय. त्याच कुकरच्या भांड्यात आलं परतायचं, कोंबडी टाकायची, कच्च्या पपईच्या फोडी टाकायच्या, झाकण लावायचं. वाफ गेली की शेवग्याचा पाला घालायचा आणि बटण बंद. उरलेल्या ऊबेवर पाला होतो. शेवगा बघून मी चाटच पडले. वेंकटम्मा त्याला मुनगाकू म्हणते, मारिसेल मलुंगाय म्हणते, आणि तिघींच्या घरी तो बाळंतिणीला देतात. आणि ते चिंचेचं सिनिगांग! बेगम बाजारातून तिनं सिरका आणला, तमालपत्र आणलं, आणि चिंच तर अशी निवडून घेतली की दुकानदार माझ्याकडं बघून म्हणाला, अम्मा, बहू पक्की हैदराबादी है. घरी आल्यावर तिनं चिंचेचं पाणी काढलं, मुळा-भेंडी टाकली आणि जरा बाहेर गेली. मला ते इतकं पांढरंफटक दिसलं की राहवलं नाही. मोहरी-जिरं-हिंगाची चरचरीत फोडणी दिली वरून. आली, चाखलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसून हसत सुटली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

बाबांचं तुला माहीत आहे. मी मऊ भात भरवायची, त्यांना ठसका लागायचा, अर्धा तोंडातून बाहेर. तिनं पहिल्याच दिवशी माझा हात धरला आणि नक्को म्हणाली. त्यांना उशा लावून ताठ बसवलं, हनुवटी छातीकडं झुकवली, आणि एकेक चमचा. लुगाव म्हणतात त्या पेजेला. तांदूळ, आलं, कोंबडीचं पाणी, आता तर लाल टिकली दाबली की गुळगुळीत होऊन निघते. वाटीभर संपवली त्यांनी. आजार आल्यापासून त्यांनी वाटी संपवलेली मी बघितली नव्हती. मी न्हाणीघरात जाऊन रडले, रितेश. आता तरी कळेल तुला, मी काय सोडतेय ते.

आता भाताचं सांगते. तुझ्या आजीच्या राज्यात उदगीरला सुनांच्या पानात शिळं पडायचं. पुरुषांना ताजं, आम्हाला कालचं. मी तेव्हा शपथ घेतली होती की माझ्या सुनेला शिळ्याचा कण वाढणार नाही. मारिसेल रोज संध्याकाळी जास्त भात लावायची आणि उरलेला डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवायची. मी रोज पहाटे उठून तो गल्लीतल्या गाईला घालायची आणि तिच्यासाठी गरम, वाफाळता भात लावायची. लेकीसारखं वाढायची बरं! ती दोन घास खायची आणि उठायची. मी म्हणायची, खात नाही, वाळत चाललीय, आपलं अन्न गोड लागत नाही हिला. एक दिवस गाय आली नाही. मी देवपूजा करून येते तर ही गॅसपाशी उभी, कालचा भात भरपूर लसणात परतलेला, वर अंडं, आणि उभ्याउभ्या असं खातेय की वाटावं उपास सोडतेय. मी ओरडले, शिळं कशाला खातेस! तर तिच्या त्या दुबईच्या हिंदीत तिनं हळूच सांगितलं की तिच्या घरी सकाळचं जेवण हेच असतं. ताज्या भाताचं ते होतच नाही, लगदा होतो. तिची आई म्हणे मुद्दाम जास्त भात लावायची, सकाळी लेकरांना हवा म्हणून. इतके दिवस मी त्या पोरीची न्याहारी गाईला घालत होते! आणि तिनं हूं की चूं केलं नाही. मी विचारलं, बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही इतक्या प्रेमानं करत होतात.

तेव्हापासून मी तिच्याकडे नीट बघायला लागले. त्याआधी मी तिच्या हातांकडेच बघत होते, किती काम उरकतात म्हणून. तिच्याकडे एक घड्याळ आहे बघ, नर्सेस छातीवर उलटं टाचतात ते. ती रोज आंघोळ झाली की ते गाऊनवर टाचायची. मला वाटायचं, बाबांच्या गोळ्यांसाठी. अरे, भिंतीवर एवढं मोठं घड्याळ आहे! दुपारी बाबा झोपले की ती खिडकीपाशी बसून मैत्रिणींशी बोलायची, कुठली ड्युटी, कुणाचं ऑपरेशन, आणि बोलताना ते घड्याळ दोन बोटांत धरून ठेवायची. तू तिला फोनवर राजीनाम्याचं बोललास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ते टाचलं नाही. त्यानंतरही नाही. पेज तशीच होते, बाबांना तसंच वळवते, माझ्या कंबरेला तसंच तेल चोळते, विचारलं की हौ आई म्हणते. तू म्हणालास, ती तयार आहे, मी विचारलं तिला. ती मला गरम भातालाही नाही म्हणाली नव्हती, रितेश. तिचं हो कसं असतं ते मी बघितलंय. नवरा असून तुला कळलं नाही?

रागवायचं ते एवढंच. तू वाईट नाहीस, लेकरा. लांब दुबईत राहतोस, जीव तुटतो, म्हणून खोकी पाठवतोस. पण त्या खोक्यांच्या ओळीत तू तिलाही ठेवून गेलास. ती बटणावर टिकली लावलेली वस्तू नाही. आणि मी तर तुझ्यापेक्षा वाईट, मला ती ठेवून घ्यायला आवडली असती. अजूनही आवडेल. हे लिहितेय आणि स्वयंपाकघरातून तिच्या वावरण्याचा आवाज येतोय, तर हात थांबतोय माझा.

इथलं मी बघते. नल्लकुंट्याची गीता म्हणून आहे, आजारी माणसांचं करते, सकाळी येते. मारिसेलनं तिला हनुवटीचं आणि चमच्याचं सगळं शिकवलंय. तुझ्या मावशीची मेधाही येऊन-जाऊन असते. दुपारनंतरचं माझं मी. कंबर दुखेल, दुखू दे, ती मारिसेल यायच्या आधीही दुखतच होती. बाबांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ तोंड हलवत राहिले, मग उजव्या हातानं दाराकडं बोट केलं. जाऊ दे म्हणाले.

आता तुला जे सांगायला बसले होते ते. तू हे वाचत असशील तेव्हा मारिसेल तुझ्यासमोर उभी असेल. तिकीट मेधानं काढलं, फक्त जायचं. हे पाकीट तिनंच तुझ्या हातात दिलं असेल. तिला मराठी वाचता येत नाही, तिला वाटतंय आत लोणच्याची कृती आहे. मी तिला सांगितलंय की रितेशनं विचार बदलला, तुझ्याशिवाय त्याला करमत नाही, आधी राजीनामा दे म्हणाला म्हणून ओशाळलाय, तेव्हा फोनवर काही विचारू नकोस, सरळ जा. तिनं दोनदा विचारलं, खरंच तो असं म्हणाला? मी देवाची शपथ घेऊन हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा देवाची खोटी शपथ घेतली आहे, ती खरी करणं आता तुझ्या हातात आहे. तोंडावर चकित झाल्याचं दिसू देऊ नकोस. उद्या निघताना ते उलटं घड्याळ मी माझ्या हातानं तिच्या कुडत्यावर टाचणार आहे, तेवढं नजरेला पडू दे. तिचा राईस कुकर ती माझ्यासाठी ठेवून जातेय, तिला नवा घे. आशीर्वाद दोघांनाही, पण आधी तिला. आणि हो, संध्याकाळी भात जरा जास्त लाव. उरला तर टाकू नकोस, सकाळी तिला लागतो.

तुझीच,
आई