आम्ही की आपण?

पटियाळा,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
महामायाचा सविनय जयभीम. वि. वि.

काल फोनवर मी घसा फोडून ‘पेरू, पेरू’ म्हणत होते आणि तू मला धाडच्या बाजारातला पेरूचा भाव सांगत होतीस! शेजारच्या खोलीतल्या मुली हसून लोळल्या. तू कानाचं यंत्र ट्रंकेत ठेवतेस आणि फोन उचलतेस, म्हणून आता हे पत्र. आत्या, पेरू हा देश आहे, पार दक्षिण अमेरिकेत. आणि आम्ही तिथे जाणार आहोत, वर्षभर! आमची निवड झाली! मला अजून खरं वाटत नाही.

काम तेच, पेरूतली केचुआ भाषा आणि इथली पंजाबी यांची तुलना. तू मागे विचारलं होतंस की एक भाषा त्या डोंगरातली, एक इथल्या गव्हाच्या शेतातली, ही सोयरीक जुळवायला तुला कोणी सांगितलं? सोयरीक नाहीच, म्हणून तर मजा येते. दोघींचं क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी येतं. पण पंजाबीत खुर्ची बाई आणि दरवाजा बाप्या. केचुआत हा भेदच नाही, ‘तो आला’ आणि ‘ती आली’ एकच. पंजाबी माणूस ‘घर’ लिहितो आणि आवाज दाबून ‘कर’सारखं म्हणतो. पहिले काही महिने मला वाटायचं, सगळे मला काहीतरी कामच सांगतायत. केचुआत असले सूर नाहीत, तिथे शब्दाला शेपट्या जोडत जायचं. ‘वासी’ म्हणजे घर. पुढे ते कोणाचं, कुठलं, सगळं मागून चिकटतं, तुझ्या ‘मले-तुले’तल्या ‘ले’सारखं.

आयाकुचो नावाच्या गावी आमचं घरही बघून ठेवलंय, दोन खोल्यांचं. थंडी फार म्हणे. तुझी गोधडी नेणार आहे. तब्येत सांभाळ, यंत्र कानात घाल, आणि माझ्यावरची माया पेरूपर्यंत पुरेल एवढी ठेव.

तुझी,
महामाया

*

धाड,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. महामाया हीस,
जनकाआत्याचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग शेजारच्या सिंधूताईला वाचून दाखवलं. तिनं डोक्याला हात लावला आणि विचारलं की पोरीले इतक्या दूर काऊन धाडून राह्यली. मी म्हटलं की पोरगी पटियाळ्याले गेली तेव्हाच धाडून झाली, आता फक्त गल्लीत मोठ्यानं सांगायचं राह्यलं. गल्लीत पेढ्यांऐवजी पेरू वाटले. देशाचं नाव तरी लोकांच्या ध्यानात राहील.

आता मुद्द्याचं. ‘आम्ही जाणार’, ‘आमची निवड’, ‘आमचं घर’. लेकी, मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर. तू पटियाळ्याला गेलीस एकटी, मग हा ‘आम्ही’ आला कुठून? मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं करू नकोस. कोण आहे तो? नाव कळव, आणि ज्वारीची भाकर खातो का तेही कळव.

हे हसत लिहिते आहे, पण एक गोष्ट लागली, ती लपवत नाही. तुझी आई गेल्यापासून आपलं घर म्हणजे तू आणि मी. आता तुझं ‘आमचं घर’ झालं, आणि त्यात मी नाही. झालं तर चांगलंच झालं. तरी वाईट वाटलं.

तुरीचे सोले आणि शेवया पाठवते आहे. सोले त्यालाही दे, पण मोजके. थंडीत जपून राहा आणि मला विसरायचं असलं तर सावकाश विसर.

तुझी,
आत्या

*

पटियाळा,
९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

पकडलंस! मी त्याला सगळ्या पत्रात लपवलं आणि तो एका ‘आम्ही’त सापडला. त्याचं नाव हरमन. माझ्याच विभागात आहे, पंजाबीचे सूर तो अभ्यासतो, केचुआच्या शेपट्या मी. आम्हाला लग्न करायचं आहे. तू नाही म्हणालीस तर मी करणार नाही, हे त्यालाही सांगून ठेवलंय. तेव्हापासून त्याची झोप उडाली आहे.

पण तुला लागलं, ते वाचून मी रडले. ऐक. केचुआतही मराठीसारखे दोन ‘आम्ही’ आहेत! तुला वगळून ते ‘न्योकाय्कु’, तुला धरून ते ‘न्योकान्चिक’. घरही तसंच, ‘वासिय्कु’ आमचं आणि ‘वासिन्चिक’ आपलं. एवढ्या दूरच्या डोंगरात आपलाच भेद सापडला, तेव्हा मी वर्गात टुणकन उडाले होते. पंजाबीला तो माहीतच नाही. ‘असीं’ म्हटलं की संपलं. आम्ही तेच, आपण तेच. आयाकुचोचं घर वासिय्कु असेल वर्षभर. धाडचं घर वासिन्चिक आहे, कायमचं. मला तिथेच परत यायचंय.

हरमननं तुला मराठीत चिठ्ठी लिहिली आहे. मला दाखवली नाही, स्वतःच पाकीट चिकटवतोय. भाकर खातो, ठेच्यानं रडतो. उत्तराची वाट बघते. होकार नसला तरी लोभात काटछाट करू नकोस.

तुझी,
महामाया

(सोबतची चिठ्ठी)

आदरणीय आत्याजी, जयभीम, सत श्री अकाल. मी हरमन. मी मराठी थोडी शिकलो. मी भांडी पण धुतो. सोले फार चांगले, पण थोडे होते. आत्याजी, तुम्ही हो म्हणा. आपण लग्न करू या. आपण फार खुश राहू.

*

धाड,
१९ डिसेंबर २०२४

चि. महामाया हीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझ्या हरमननं मला मागणी घातली आहे! या वयात! ‘आपण लग्न करू या’ असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलंय. सिंधूताई हसता हसता खालीच बसली. म्हणाली की भांडी धुतो म्हणतो, तर हाव म्हणून टाक, जनकाबाई, असा पुन्हा भेटायचा नाही.

दिवसभर हसले. मग संध्याकाळी भाकरी थापताना तुझं पत्र आठवलं. त्याच्या भाषेत आम्ही आणि आपण एकच. म्हणजे त्या पोराजवळ मला बाहेर ठेवायला शब्दच नाही. तू माझी लेक, एवढी भाषा शिकलीस आणि ‘आम्ही’ लिहून गेलीस. त्यानं चुकून का होईना, मला आत घेतलं. तव्यावरची भाकर करपली, आणि मी तशीच उभी राहिले. फार बरं वाटलं गं.

त्याला मराठी खुशाल शिकव, पण ते एक वाक्य दुरुस्त करू नकोस. पेरूला जाण्याआधी दोघं धाडला या. यंत्र कानात घालून बसेन. सोले या वेळी पोतंभर ठेवते. आणि त्याला माझा निरोप त्याच्याच शब्दांत सांग: हो, आपण लग्न करू या.

आपली,
आत्या