बाटलीहिरव्या डिक्क्या आणि तात्यांची कॅसेट

९ मार्च १९९६, कळस
शनिवारची शाळा. दुपारी बुलेटच्या डिक्कीतला टेप लावला, तात्यांची जुनी कॅसेट. डावा स्पीकर फरफरतो, उजवा मधूनच गप्प. तात्या, म्हणजे माझे चुलते, ओसरीवर होते. पंचवीस वर्षं गावोगाव भीमगीतं गायली. घशाच्या ऑपरेशनपासून आवाज कुजबुजीएवढा उरलाय. हातानं खूण केली, बंद कर. जवळ गेलो तर म्हणाले, "ह्यो माझा आवाज न्हाय."
नीट जेवले नाहीत.

१२ मार्च
ठरवलं. चौदा एप्रिलला भीमजयंतीच्या मिरवणुकीत आपली बुलेट पुढं असते. यंदा तीच कॅसेट वाजणार आणि नीट वाजणार. बायको, सुशीला, म्हणाली, "अवो, आधी त्यास्नी तर इचारा." धीर झाला नाही.

१७ मार्च
बारामती. मोटारीचे मोठे लांबट स्पीकर घेतले. डिक्क्या फायबरच्या, भोकं लहान. गॅरेजवाल्या शकीलभाईंनी करवत लावली आणि डाव्या डिक्कीला वीतभर तडा! ते म्हणाले, "गुरुजी, आतनं नवीन थर देतो. वरनं रंग मारला की कळायचं बी न्हाय."

२४ मार्च
डिक्क्या आणल्या. पोपटी!! टाकी बाटलीहिरवी, डिक्क्या पोपटी. सुशीला पदर तोंडाला लावून हसत बसली. तात्याही हसले, खांदे हलवून.
परत न्यायच्या.

३१ मार्च
शकीलभाईंचं म्हणणं बरोबर. उन्हानं टाकीचाच रंग विटलाय, इथं एक, तिथं एक. जुळवायचं कशाशी? शेवटी टाकीच्या बाजूचं, गुडघा टेकतो ते रबर त्यांनी सोडवलं. खाली मूळ रंग, गर्द, जसाच्या तसा. डबीत थेंब थेंब काळा घालत गेले. सातव्यांदा जमला. आता टाकीही त्याच रंगात. गाडी तिथंच ठेवली, एसटीनं आलो.

६ एप्रिल
गाडी आली. दोन्ही डिक्क्या, टाकी, एकच रंग. कडेनं हातानं ओढलेली सोनेरी रेघ. तडा कुठं होता ते मलाही सापडेना.
स्पीकरमागं गोधडीचे तुकडे भरले, खडखड बंद. अंगणात कॅसेट लावली. तात्यांचा आवाज, भरदार, पूर्वीचा. ते उठून आले. डिक्कीशी वाकून ऐकत राहिले. मग माझा दंड धरला. "मागं घे."
कॅसेट मागं घेतली. तेव्हा मलाही ऐकू आलं. ध्रुपदाला त्यांच्यामागं एक बाईचा आवाज, बारीक, पण सुरात.
"तुझी काकू."
काकूंना जाऊन आठ वर्षं झाली. त्या कोरसला होत्या, माईक एकच, मागं उभ्या राहायच्या. इतकी वर्षं कॅसेट ऐकली, त्या कधी ऐकू आल्याच नव्हत्या. पाच वेळा मागं घ्यायला लावली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

९ एप्रिल
तात्यांनी सुशीलाला समोर बसवलं. कुजबुजत, "कॅसेट वाजू दे. पण ती लई मागं हाय. तितं कुणीतरी उभं ऱ्हायला पायजे. तू म्हण तिच्यासंगं."
"मी? चारचौघांत? न्हाय बा तात्या."
"चुलीपुढं म्हनतीस ते काय ऐकू येत न्हाय मला?"
ती उठून आत गेली. पण भाकरी थापताना तेच ध्रुपद. तात्यांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांना असं खोडकर बघितलं.

११ एप्रिल
सुशीला तयार झाली, तात्यांकडं तालीम सुरू. ते मांडीवर ठेका धरतात, शब्द ओठांनी दाखवतात. चुकली की बोट वर. काल तिनं उलट त्यांनाच सांगितलं, "तात्या, तुमी जरा घाई करताय." कबूल केलं त्यांनी!
माईक डिक्कीतल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. आधी नुसती शिट्टी वाजली, शेजारची कोंबडी उडाली.

१३ एप्रिल
संध्याकाळी अंगणात शेवटची तालीम. सुशीला भिंतीकडं तोंड करून म्हणाली. दोन कडवी छान, तिसऱ्याला आवाज कापला, थांबली. "माझ्यानं न्हाय व्हायचं उद्या. नुसती कॅसेटच लावा."
तात्या फडकं घेऊन डिक्क्या पुसत राहिले. तीन वर्षं ते मिरवणुकीला आलेले नाहीत. मला म्हणाले, "उद्या तुझ्या मागं बसतो मी."
आता हे लिहितोय तर सुशीला दारात. हातात माईक.
"अवो, ह्यो तोंडापासून किती लांब धरायचा?"