टॉलमनांची मेहिटेबल

४ ऑक्टोबर
पोचले एकदाची! घर बघताक्षणी आवडलं. छत इतकं खाली की माझ्यासारख्या बुटकीलाच शोभावं. मालकीण अल्थिया टॉलमनबाई बॉस्टनला असतात. काम संपेपर्यंत मी इथेच राहायचं. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून आलेल्या पहिल्या टॉलमनपासून बाईंपर्यंतची वंशावळ सिद्ध करायची, म्हणजे त्यांना जुन्या वसाहतवाल्यांच्या मंडळात मिरवता येईल. दुसऱ्यांचे खापरपणजे शोधण्यात माझा जन्म गेला. स्वतःचं म्हणावं असा एक भाऊ, वेंडल, तोही दूर ओहायोत. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानदार एमसने तिसऱ्या शिंपल्यांचं दाट सूप डबाभर दिलं. म्हणाला, "खा बाई, नाहीतर आमच्या थडग्यांत तुमची भर पडायची." खूप दिवसांनी हसले.

११ ऑक्टोबर
काम भराभर उरकतंय. एकाच मुलीपाशी अडलं होतं, मेहिटेबल. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद आहे. पुढे लग्न नाही, मूल नाही, थडगं नाही. अशा नावापुढे आमच्या धंद्यात 'बालपणी वारली' लिहून मोकळे होतात. मीही लिहिलं आणि तिच्या भावाकडे वळले. सगळे कागद दुपारच्या टपालाने बॉस्टनला रवाना.

१५ ऑक्टोबर
आज माडीवरची खोली उघडली. अरुंद पलंग आणि माणसाहून उंच चरखा, उभ्याने, मागेपुढे चालत फिरवायचा. त्या चालण्याने जमिनीच्या फळ्या खोल झिजल्यात. चरख्यावर ओबडधोबड कोरलंय, 'मेहिटेबल टॉलमन, वय ऐंशी.' म्हणजे ही बाई म्हातारी होईपर्यंत इथेच होती, एकटी. दुरुस्ती कळवायला हवी खरी. पण एका बिनलग्नाच्या म्हातारीपायी सगळं पुन्हा कोण उपसणार? तिच्यापासून वंश थोडाच चाललाय. राहू दे.

१९ ऑक्टोबर
भर दुपारी माडीवर चरखा फिरत होता. वर गेले तर थांबला. चाक हाताला कोमट लागलं.
दुकानात एमसने माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला आधी सामान दिलं. मग त्याच्याही मागच्याला. मी दोनदा हाक मारली. रागावलाय की काय कोण जाणे.

२३ ऑक्टोबर
टॉलमनबाईंना फोन केला, लोइस बोलतेय म्हटलं. चूक झाली, मेहिटेबल जगली होती, सुधारून पाठवते, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण लोइस? घर तर कित्येक वर्षं बंद आहे म्हणाल्या, आणि वंशावळ मंडळाने मान्यही केली. नाव पुन्हा सांगितलं. फोन ठेवला त्यांनी.

२६ ऑक्टोबर
चर्चमध्ये एक लठ्ठ बाई सरळ माझ्या मांडीवर बसायला आली. सरकले म्हणून वाचले. सॉरी नाही, काही नाही. तिला मी तिथे — नव्हतेच.
चरखा आता दिवसभर.

२८ ऑक्टोबर
वेंडलला फोन लावला. तो तरी ओळखेल. सख्खा भाऊ आहे. लोइस बोलतेय म्हटलं. मग बायकोला म्हणाला, "कोण मेलं चेष्टा करतंय. आमच्या लोइसचं नाव घेतंय. ती बिचारी पाळण्यातच गेली गं."
आवाज त्याचाच होता. रडत होता माझ्यासाठी.

३० ऑक्टोबर
आरशात — अजून आहे. फिकट. रस्त्यात ओरडले, कुत्र्यानेसुद्धा वळून पाहिलं नाही.
चरखा थांबलाय. जिन्यावर पावलं — हळू, म्हाताऱ्या माणसाची. खाली येताहेत.

नोव्हेंबर, तारीख —
दारात मेहिटेबल उभी आहे. डोळे माझ्यावर. किती दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे —
भीती वाटतेय. पळायला हवं. पण कोणाकडे —
"ये गं लोइस," म्हणतेय. "मला तू दिसतेस."
हात पुढे केलाय. गार असणार. पण धरला तर निदान