प्रगतीने ओळखले तरी तिला सोडू नये

प्रति,
मा. स्त्री अधीक्षिका,
मुलींचे वसतिगृह, निवासी आश्रमशाळा, करवंदपाडा,
ता. जव्हार, जि. पालघर.

अर्जदार: हेमंत जिवा खुताडे, रा. दाभोसा, ता. जव्हार (हल्ली मुक्काम ठाणे, रुग्णालयात).

विषय: कु. प्रगती हेमंत खुताडे, इयत्ता दुसरी, हिला संक्रांतीच्या सुट्टीसाठी, तिने स्वतः ओळखलेल्या व्यक्तीच्याही ताब्यात न देणेबाबत.

संदर्भ: शनिवारी आपल्याशी फोनवर झालेले बोलणे.

महोदया,

सविनय सादर करतो की, शनिवारी मी फोन केला तेव्हा आपण म्हणालात, "लेखी द्या, तोंडी सांगितलेलं रजिस्टरला चढत नाही." त्याप्रमाणे लेखी देत आहे. हा अर्ज ठाण्यास आलेला आमच्या गावचा संदीप जीपवाला सोमवारी आपल्या हाती देईल. मी आजवर दोनच अर्ज केले, दोन्ही रस्त्यासाठी, आणि रस्ता अजून व्हायचा आहे. या अर्जाला तेवढा वेळ नाही.

१. भात झोडून झाले की मी व पत्नी रविना दरवर्षी ठाण्यास जातो. मी सेंटरिंगचे काम करतो, ती माणसांचा स्वयंपाक करते. प्रगती आपल्याकडे असते. सुट्टीत ती घरी आली की आम्ही तिचे व्हिडिओ काढून ठेवायचो, ठाण्यात जेवताना बघायला. पोरीवाचून करमत नाही, एवढेच कारण होते. पुढे ते सगळ्यांना दिसतील असे टाकू लागलो. लोकांना आवडले आणि आम्हाला चेव चढला. दात पडला तो टाकला, ताप आला तो टाकला, न्हाणीतली आंघोळ टाकली, पालीला घाबरते म्हणून मुद्दाम घाबरवून तेही टाकले. चाळीस हजार माणसे बघत होती. यात पुढाकार माझा होता, रविनाला बोल लावू नये.

२. डिसेंबरात आपल्याकडून दोन दिवसांची रजा घेऊन प्रगतीला शहर दाखवायला नेले. कुठे आणि किती वाजता जाणार, हे आदल्या दिवशी व्हिडिओत सांगून मोकळे झालो होतो. तलावाकाठी गार वारा होता. बाकावर चाळिशीची, नीटनेटकी एक बाई बसली होती. तिने "प्रगू" अशी हाक मारली. पिशवीतून लाल स्वेटर काढून प्रगतीला घातला, तो अंगाला बरोबर बसला. मग उकडलेले अंडे सोलले, आतला बलक स्वतःच्या तोंडात टाकला आणि पांढरे तेवढे प्रगतीला दिले. आमची पोर बलक खात नाही. नाव विचारले तर हसून म्हणाली, "मावशी म्हणा." प्रगती तिच्या मांडीवर जाऊन बसली. आम्हाला कौतुक वाटले. "प्रगतीला मावशी भेटली" असा व्हिडिओ आम्हीच काढला आणि आम्हीच टाकला. आता आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

३. गेल्या आठवड्यात कामावरच्या एका माणसाने मला त्या बाईचे खाते दाखवले. खात्याचे नाव "माझी प्रगू". आमचे तीनशेच्या वर व्हिडिओ त्यावर आहेत. आमचे आवाज काढून टाकले आहेत. रविनाचा चेहरा प्रत्येक ठिकाणी कापला आहे, फक्त हात राहिले आहेत. खाली लोक त्या बाईला लिहितात की, तुम्ही किती छान आई आहात. मी घाबरून आमचे सगळे व्हिडिओ पुसून टाकले. त्यामुळे आता प्रगतीचे लहानपण फक्त त्या बाईकडे आहे. चौकीत गेलो तर विचारले, "तक्रार काय लिहू, स्वेटर दिला?"

४. बुधवारी रविना वेळेआधी बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत आहे, रविनाला उठवत नाही, मला हलता येत नाही. शुक्रवारी गावाहून शेजाऱ्यांच्या फोनवरून माझी आई नवशी बोलली. म्हणाली, "रविनाची बहीण आलती. लय चांगली बाय. मीठ कुठं, तवा कुठं, काय सांगाय नाय लागला तिला. मंगळवारी पोरीला आणाय दोघी जाव बोलली." रविनाला बहीण नाही. मी आईला परोपरीने समजावले. ती म्हणाली, "तू लांब हायस, ती हितं हाय." दुसऱ्या दिवशी मी आपल्याला फोन केला.

५. आपल्या वसतिगृहाचा नियम मला माहीत आहे. हिवाळ्यात निम्मी आईबापे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर असतात, म्हणून काका, मामी, शेजारीण, कोणीही न्यायला येते. आपण मुलीला पुढे उभी करून विचारता, "हे कोण?" मुलीने बरोबर सांगितले की सही घेऊन सोडता. नियम चांगला आहे, त्यावर माझी काही तक्रार नाही. पण प्रगती धावत जाऊन "मावशी" म्हणेल आणि ते तिच्या परीने खरे असेल. तिला विचारू नये, ही हात जोडून विनंती.

६. सोबत माझी आई असली तरी सोडू नये. त्या बाईने आधार कार्ड दाखवले तरी सोडू नये, कारण प्रगतीचे आधार आले त्या दिवशी आम्ही तेही व्हिडिओत दाखवले होते. माझ्या सहीचे पत्र दाखवले तरी सोडू नये. शाळेचा फॉर्म भरतानाची माझी सहीही व्हिडिओत आहे.

७. आपण विचाराल, मग हाच अर्ज हेमंतचा कशावरून? रास्त प्रश्न आहे. काल मी रविनाच्या खाटेशी दोन तास बसलो. प्रगतीची अशी एक गोष्ट शोधत होतो जी फक्त आईबापाला ठाऊक आहे, ती इथे लिहिणार होतो. सापडली नाही. रविना भिंतीकडे तोंड करून झोपली.

८. माझा मेव्हणा दिपेश सोमवारी मुक्कामाला येत आहे. तो आला की मंगळवारी पहाटेच्या एसटीने निघतो. जव्हारला उतरून आपल्याकडे पोहोचायला साडेदहा होतील. मुलींना सोडणे आठ वाजता सुरू होते. ते अडीच तास प्रगतीला आपल्या खोलीत बसवून दार लावून घ्यावे. फाटकात मावशी दिसली की ती आपल्यावर चिडेल, हट्ट करेल, मोठ्याने रडेल. रडू द्यावे.

आपल्याच भरवशावर असलेला,

(सही)
हेमंत जिवा खुताडे
दि. ११ जानेवारी २०२६

सोबत:
१) अर्जदाराच्या आधार कार्डाची नक्कल.
२) रुग्णालयाच्या दाखल कागदाची नक्कल.
३) सदर बाईचा फोटो. यात प्रगती तिच्या मांडीवर आहे. बाईचा एकटीचा फोटो आमच्याकडे नाही.